फ्रीझरमधली अख्खी टर्की थेट ओव्हनमध्ये (थँक्सगिव्हिंगसाठीचा धागा)

सांडगीमिरची | सोमवार, रात्री ९:४०

दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतला नोव्हेंबरमधल्या गुरुवारचा सण, जेवणात टर्की हवीच) आदल्या संध्याकाळी इथे कुणीतरी धापा टाकत येतं: "टर्की अजून दगड आहे, उद्या दुपारी माणसं जेवायला येणार, काय करू?" मग रात्रभर सल्ल्यांचा पाऊस पडतो. कुणी बाथटब भरायला सांगतं, कुणी हेअर ड्रायर. यंदा प्रश्न यायच्या आधीच उत्तर टाकून ठेवते.

तशीच ओव्हनमध्ये घाला. गोठलेली. खरंच.

हा माझा शोध नाही. अमेरिकेचं कृषिखातं, यूएसडीए, स्वच्छ सांगतं की गोठलेली टर्की थेट शिजवणं सुरक्षित आहे, फक्त वेळ निदान दीडपट धरायचा आणि ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइटच्या (१६३ सेल्सियस) खाली ठेवायचा नाही. पूर्ण सुटलेल्या (म्हणजे बर्फ वितळलेल्या) १२ ते १४ पौंडी टर्कीला ३२५ ला तीन ते पावणेचार तास लागतात. गोठलेलीला साडेचार ते साडेपाच. मिनेसोटातल्या सेंट पॉलचे अन्नसुरक्षातज्ज्ञ पीट स्नायडर यांनी तर ही पद्धत मुद्दाम लिहून काढली होती. नाइलाज म्हणून नव्हे, अशी टर्की जास्त चांगली होते म्हणून. ते का, ते खाली.

मी कसं करते:

पक्षी १४ पौंडांच्या आतला. त्याहून मोठा असेल तर ही पद्धत विसरा, बाहेरचं करपेल आणि आतलं शिजायला संध्याकाळ होईल.

वरची जाळी, प्लास्टिक सगळं काढायचं. प्लास्टिक चिकटलेलं असतंच, गार पाण्याच्या धारेखाली धरलं की सुटतं. तंगड्या अडकवलेली क्लिप या अवस्थेत निघत नाही, तिच्याशी झटू नका, नंतर काढू.

पॅन धातूचा आणि खोल हवा. काचेचा अजिबात नको, गोठलेला पक्षी आणि तापलेला ओव्हन यांच्यामध्ये काच तडकते. ॲल्युमिनियमचे स्वस्तातले पातळ ट्रे आणलेत तर त्याखाली मजबूत बेकिंग शीट ठेवा, कारण पहिल्या दोन-तीन तासांत इतकं पाणी सुटतं की ट्रे उचलताना मधोमध वाकतो आणि उकळतं पाणी पायावर येतं. पॅनमध्ये रॅक नसेल तर कांद्याच्या जाड चकत्या, गाजरं आणि सेलरीचे दांडे खाली पसरा. रॅकचं काम होतं, शिवाय ग्रेव्हीला चव येते.

छाती वर करून ठेवा आणि दार लावून टाका. मीठ नाही, मसाला नाही, बटर नाही. गोठलेल्या कातडीवर काहीही चिकटत नाही, सगळं घरंगळून पाण्यात जातं. स्टफिंगचं (पोटात भरायच्या सारणाचं) नावही काढू नका.

साधारण अडीच-तीन तासांनी पहिल्यांदा बाहेर काढायची. तोवर बाहेरचा भाग मऊ झालेला असतो. आता खरं काम: पोटातली मान आणि कलेजी-पेठ्याची पुडी काढणं. मान मोठ्या पोकळीत असते. पुडी बऱ्याचदा दुसऱ्या टोकाला, मानेकडच्या कातडीच्या झडपेखाली लपवलेली असते आणि अनेकांना जेवताना सापडते. लांब चिमटा वापरा, आत गरम पाणी साठलेलं असतं. निघाली नाही तर ओढाताण नको, अर्ध्या तासाने परत बघा.

मग बटर, मीठ, मसाला लावून परत आत. चार तासांपासून थर्मामीटर. मांडीचा आतला भाग, पंखाचा आतला भाग आणि छातीचा सर्वांत जाड भाग, तिन्ही ठिकाणी १६५ (७४ सेल्सियस) यायला हवं. सुई हाडाला टेकवू नका. तिन्ही जमलं की बाहेर, आणि अर्धा तास कुणीही हात लावायचा नाही.

थर्मामीटर नसेल तर ही पद्धत करू नका. एवढी एकच गोष्ट मी हट्टाने सांगेन.

आता चांगली का होते. टर्कीचं नेहमीचं रडगाणं म्हणजे तंगडी शिजेपर्यंत ब्रेस्टचा भुसा झालेला असतो. गोठलेल्या पक्ष्यात तंगड्या बारीक म्हणून आधी सुटतात आणि आधी तापायला लागतात. छातीचा जाड गोळा आतून बराच वेळ गोठलेला राहतो. शेवटी मांडी १७५-१८० ला पोचलेली असते, जिथे ती मऊ पडते, आणि ब्रेस्ट जेमतेम १६५ ला. एरवी यासाठी लोक छातीवर बर्फाच्या पिशव्या ठेवण्यापासून पक्षी उलटा करण्यापर्यंत सगळं करतात. इथे ते फुकटात होतं.

---

शाकाहारी_वाघ | सोमवार, रात्री १०:०५

पाच तास ओव्हन, पाच तास टेन्शन आणि शेवटी तुमच्याच शब्दांत 'भुसा'. आमच्याकडे गुरुवारी बटाट्याची भाजी, पुरी आणि श्रीखंड. एक तासात पानं वाढून तयार. (ह.घ्या.)

---

सांडगीमिरची | सोमवार, रात्री १०:११

घेतलं हलकेच. माझ्याकडेही मुलं शाळेत हाताचा पंजा गिरवून कागदी टर्की करून आणायला लागली तेव्हापासून ती टेबलावर आली. त्याआधी आम्हीही श्रीखंडवालेच. आणि खरं सांगू का, टर्कीला स्वतःची चव बेताचीच. चव असते ग्रेव्हीला.

---

हिशेबनीस | सोमवार, रात्री ११:३०

'दीडपट वेळ' कुठून येतो याचा हिशेब करून बघितला. बर्फ वितळवायला ग्रॅममागे ३३४ जूल लागतात. पाणी १ अंश सेल्सियसने तापवायला ४.२. म्हणजे नुसता बर्फ वितळवण्यात जेवढी उष्णता जाते तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत गेलं असतं. मांसात साधारण ७० टक्के पाणी. शिजलेली टर्की ७४ ला बाहेर काढायची. थोडक्यात, फ्रीजमधल्या पक्ष्याला जेवढी उष्णता पुरते त्याच्या दुपटीच्या आसपास गोठलेल्याला द्यावी लागते.

मग वेळ दुप्पट का नाही? दोन कारणं दिसतात. पृष्ठभाग थंड असला की ओव्हनच्या हवेतून उष्णता जास्त वेगाने शिरते, कारण फरक मोठा. दुसरं, बर्फ पाण्याच्या जवळजवळ चौपट चांगला उष्णतावाहक आहे, त्यामुळे गोठलेल्या गाभ्यात उष्णता आत झिरपायला तेवढा अडथळा नसतो.

बायको म्हणते की हे सगळं करण्यापेक्षा कांदे चिर.

---

लंडनचीकाकू | मंगळवार, पहाटे ५:२०

माझं मत उलट आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे ब्रिटनमध्ये फूड स्टँडर्ड्स एजन्सी दर ख्रिसमसला कानीकपाळी ओरडते की टर्की पूर्ण सुटल्याशिवाय ओव्हनमध्ये घालू नका. फ्रीजमध्ये किलोमागे १० ते १२ तास धरायचे. पाकिटावर 'गोठलेलीच शिजवा' असं छापलं असेल तरच तशी शिजवायची. इतक्या वर्षांचा सरकारी सल्ला उगाच असेल का? बाहेरून झकास तांबूस आणि आत हाडाजवळ कच्ची, असा पक्षी पानात वाढलेला मी पाहिला आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं जेवायला असतात गं.

---

सांडगीमिरची | मंगळवार, सकाळी ७:०२

काकू, मुद्दा बरोबर आहे आणि तुम्ही तिथे आहात तर तिथलंच ऐका. पण दोन्ही सल्ले एकाच भीतीतून आलेत, आत कच्चं राहण्याच्या. ब्रिटन म्हणतं आधी बर्फ घालवा. अमेरिका म्हणते बर्फासकट घाला, पण वेळ वाढवा आणि मोजून खात्री करा. तांबूस रंग बघून किंवा घड्याळ बघून पक्षी बाहेर काढणाऱ्याने ब्रिटिश सल्लाच पाळावा. म्हणूनच थर्मामीटरवर अडून बसले आहे.

धोका तापमानाच्या एका पट्ट्यात असतो, ४० ते १४० फॅरनहाइट. जंतू तिथे फोफावतात. ३२५ च्या ओव्हनमध्ये पृष्ठभाग तो पट्टा लवकर ओलांडतो आणि आतला भाग तोवर गोठलेलाच असतो. उलट 'हळूहळू शिजू दे' म्हणून कुणी २०० ला रात्रभर ठेवली तर पक्षी तासन्‌तास त्याच पट्ट्यात लोळतो. स्लो कुकर आणि स्मोकरमध्ये गोठलेला पक्षी नको म्हणतात तो याचसाठी.

---

लंडनचीकाकू | मंगळवार, सकाळी ७:४०

थर्मामीटर हा शब्द ठळक अक्षरात कर आणि मग माझी हरकत मागे.

---

फोडणीचाभात | मंगळवार, सकाळी ९:१५

वाचनखूण साठवली. शंका: आमची टर्की २२ पौंडांची आहे. दुकानात ठरावीक रकमेची खरेदी केल्यावर फुकट मिळाली, नवरा सर्वांत मोठी उचलून आला. फ्रीझरमध्ये आहे. आज मंगळवार. काय करू?

---

सांडगीमिरची | मंगळवार, सकाळी ९:३८

फुकट म्हणून सर्वांत मोठी उचलणारे नवरे सगळीकडे सारखेच.

तुझ्यासाठी हा धागा नाही. गोठलेली २२ पौंडी घातलीस तर सात-साडेसात तास धर, आणि तरीही वरचं कातडं काळं होईल. फ्रीजमध्ये चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो, म्हणजे तेही आता गुरुवारपर्यंत पूर्ण होत नाही. असं कर: आत्ता उठून ती फ्रीजच्या तळाच्या खणात, परातीत ठेव. बुधवारी संध्याकाळी पॅकिंगसकट गार पाण्यात बुडव, दर अर्ध्या तासाने पाणी बदल. नुसत्या पाण्याने सोडवायची तर पौंडाला अर्धा तास, म्हणजे तुझीला ११ तास लागले असते. फ्रीजमध्ये दीड दिवस काढल्यावर थोडक्यात भागेल. गाभ्यात थोडा बर्फ राहिला तरी चालेल, अर्धवट सुटलेली घालायला काही हरकत नाही, वेळ तेवढा वाढतो. गरम पाणी मात्र नाही आणि ओट्यावर रात्रभर ठेवणं तर नाहीच.

---

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी १०:००

किंवा आज घरी आल्यावर नवऱ्याला दुकानात परत पाठवून १२ पौंडी आणायला सांगा. २२ वाली ख्रिसमसपर्यंत फ्रीझरमध्ये काही बिघडत नाही.

---

टेक्सासचा_पाहुणा | मंगळवार, दुपारी १२:४५

मी इथे एमएस करतोय. आम्ही पाच रूममेट्स. एकाने टर्की फ्रायर (अख्खी टर्की तेलात तळायचं गॅसवरचं मोठं भांडं) भाड्याने आणलाय, अपार्टमेंटच्या मागच्या पॅटिओवर तळू म्हणतो. टर्की गोठलेली आहे. "तेल इतकं गरम असतं, बर्फ क्षणात जाईल," असं त्याचं म्हणणं. बरोबर ना?

---

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १२:४९

नाही. नाही. नाही.

बर्फ 'क्षणात जातो' हाच तर प्रॉब्लेम. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १७०० पट होतं. ३५० अंश फॅरनहाइटच्या तेलात बर्फ भरलेला पक्षी गेला की ती वाफ तेलाखालून वर उसळते, भांड्यातलं तेल बाहेर पडतं, खाली गॅसची ज्योत असते. आग कशी लागते हे वेगळं सांगायला नको. अग्निशमन दलं दर नोव्हेंबरला याची प्रात्यक्षिकं मुद्दाम करून दाखवतात, एकदा बघा मित्राला शेजारी बसवून.

अमेरिकेत घरच्या स्वयंपाकामुळे लागणाऱ्या आगी वर्षभरात सर्वांत जास्त थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी लागतात. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन तर घरगुती गॅस फ्रायर वापरूच नका म्हणते, टर्की सुटलेली असली तरी.

---

सांडगीमिरची | मंगळवार, दुपारी १:१०

+१. बाळा, फ्रायर आजच परत कर. ओव्हन आहे ना अपार्टमेंटला? मग वरची कृती. ग्रिलवर आणि मायक्रोवेव्हमध्येही गोठलेली नको.

---

टेक्सासचा_पाहुणा | मंगळवार, दुपारी १:३२

ओव्हन आहे. आत आम्ही कढया ठेवतो. रिकामा करतो.

---

म्हापशेकार | मंगळवार, रात्री ८:२०

अवांतर, पण राहवत नाही. टर्की हा 'अमेरिकेचा' पक्षी म्हणून सगळे बोलताहेत. आमच्या गोव्याने तो मुघलांना दाखवला, त्याला चारशे वर्षं झाली. जहांगीरने मुकर्रब खानाला गोव्याला पाठवलं होतं, बंदरात येणाऱ्या नवलाईच्या वस्तू आणायला. १६१२ मध्ये तो परतला तेव्हा त्याने आणलेल्या प्राण्यांमध्ये टर्कीचा नर होता. बादशहाला त्याचं इतकं अप्रूप वाटलं की आठवणींमध्ये त्याच्या मानेचे रंग कसे बदलतात याचं सविस्तर वर्णन केलंय, आणि उस्ताद मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पोर्तुगीज जहाजांनी नव्या जगातून तो गोव्यात आणलेला. गोव्यात ख्रिसमसला काही घरांत अजून भाजतात. पण गोठलेली नव्हे हां, अंगणात पोसलेली.

काकू लंडनात आहेत, जाऊन चित्र बघून यावं.

---

लंडनचीकाकू | बुधवार, पहाटे ६:०५

म्युझियम घराजवळ असून माहीत नव्हतं. जाते.

---

शाकाहारी_वाघ | बुधवार, सकाळी ८:१०

बादशहाने चित्र काढून घेतलं, भाजली नाही. नोंद घ्यावी.

---

पाटावरवंटा | बुधवार, सकाळी ११:२५

मसाल्याबद्दल विस्ताराने लिहा ना. रात्रभर ब्राइनमध्ये (मीठपाण्यात) ठेवायची असं सगळीकडे वाचलं, ते गोठलेल्या पक्ष्याला कसं करायचं? आणि नुसतं मीठ-बटर लावलेलं आमच्या सासऱ्यांना चालणार नाही. आई कोल्हापूरहून काळा मसाला घेऊन आली आहे.

---

सांडगीमिरची | बुधवार, दुपारी १२:१०

ब्राइन करायचंच नाही. लेबल वाच, बहुतेक गोठलेल्या टर्कीत मीठपाण्याचं द्रावण कंपनीनेच टोचलेलं असतं, 'अमुक टक्क्यांपर्यंत द्रावण आहे' असं बारीक अक्षरात लिहिलेलं. तिला पुन्हा मीठपाण्यात बुडवली तर खारट लागेल. ग्रेव्हीतही मीठ चव बघूनच.

काळा मसाला घालणार असशील तर उत्तम, पण वेळ सांभाळ. वाटलेलं ओलं आलं-लसूण पहिल्या फेरीत लावलं तर उरलेल्या दोन तासांत जळून कडू होतं. म्हणून तिसऱ्या तासाला फक्त बटर आणि थोडं मीठ. शेवटचा पाऊण-एक तास उरला की बटरमध्ये काळा मसाला, लिंबू, किसलेलं आलं कालवून ब्रशने फासायचं. कातडी आता छातीवर सैल झालेली असते, बोटांनी अलगद उचलून तिच्या खालीही मसाला सरकवता येतो. चव तिथेच लागते, कातडीवरचा मसाला अर्धा पॅनमध्ये जातो. (हातमोजे घाल, तापलेली असते.)

वरचं लवकर लाल व्हायला लागलं तर छातीवर फॉइलचा तुकडा सैलसा ठेव. उलट शेवटी फिकी राहिली तर शेवटची पंधरा मिनिटं ओव्हन ४२५ ला. तेव्हा समोरून हलू नकोस.

---

पाटावरवंटा | बुधवार, दुपारी १२:३०

आणि स्टफिंग? सासूबाईंना खिम्याचं सारण भरायचंय.

---

सांडगीमिरची | बुधवार, दुपारी १२:४१

वेगळ्या भांड्यात भाज. पोटात बर्फ असताना सारण भरलं तर ते मधोमध कोमट राहतं, आणि तेही १६५ ला आणायचं म्हटलं तर पक्षी वाळून जाईल.

याला एक उलटा अपवाद आहे: कारखान्यात सारण भरून गोठवलेली, यूएसडीएचा शिक्का असलेली टर्की मिळते. ती मात्र आधी सोडवायचीच नाही, गोठलेलीच शिजवायची. पाकिटावर लिहिलेलं असतं.

---

ओलाकाजू | बुधवार, रात्री ८:१५

आले! दर वर्षी येणारी ती मुलगी यंदा मी आहे. :-( नवऱ्याच्या ऑफिसात आज संध्याकाळी सगळ्यांना टर्की वाटल्या. १३ पौंड, पक्का दगड. उद्या दुपारी ३ ला आमच्याकडे त्याचे दोन अमेरिकन सहकारी आणि माझे मामा-मामी. मी चिकन करणार होते, आता नवरा म्हणतो टर्कीच हवी. धागा वाचला. वेळापत्रक सांगा प्लीज. ओव्हन एकच आहे.

---

सांडगीमिरची | बुधवार, रात्री ८:३२

ये बस. पाणी पी.

आज रात्री एवढंच: टर्की फ्रीझरमधून फ्रीजमध्ये हलव, परातीत. फार सुटणार नाही, पण प्लास्टिक काढणं सोपं जाईल. थर्मामीटर नसेल तर आत्ता नवऱ्याला पिटाळ, उद्या बरीच दुकानं बंद असतात. पक्ष्यात खोचून आलेलं ते प्लास्टिकचं पॉप-अप बटण (शिजली की आपोआप वर येणारं) असेल तर त्याच्या भरवशावर राहू नकोस.

सकाळी साडेआठला ओव्हन लाव, ९ ला टर्की आत, ओव्हनच्या खालच्या रॅकवर. साडेअकराला पहिली तपासणी. १ वाजल्यापासून थर्मामीटर. २ ते सव्वादोनच्या आसपास तयार व्हावी. पावणेतीनपर्यंत विश्रांती, मग कापणं. ओव्हन दुपारी सव्वादोनपर्यंत बुक आहे असं धर, बाकी सगळं गॅसवर. क्रॅनबेरी सॉस आज रात्रीच करून ठेव. गोडाचा 'पाय' (pie) गरम करायचा असेल तर टर्की विसावते तेव्हा.

मोकळ्या टर्कीला नळाखाली धुवायला मात्र जाऊ नकोस. कच्च्या पक्ष्याचं पाणी सिंकभर उडतं, सोबत साल्मोनेला. प्लास्टिक निघायला हवं म्हणून धार लागलीच तर ती प्लास्टिकवरूनच, आणि नंतर सिंक साबणाने घासून.

---

ओलाकाजू | गुरुवार, सकाळी ११:४४

काढली बाहेर. मान निघाली. पुडी दिसते आहे पण बर्फात रुतलीये. कागदाचीच आहे. ओढू?

---

सांडगीमिरची | गुरुवार, सकाळी ११:४७

नको, फाटेल. परत आत. सव्वाबाराला बघ. तोवर पॅनमधलं जास्तीचं पाणी मोठ्या चमच्याने किंवा बेस्टरने (रस खेचून घ्यायच्या नळीने) एका पातेल्यात काढून घे. फेकू नकोस. गोठलेल्या टर्कीचं पाणी पातळ असतं, ते गॅसवर आटवायला ठेव, तीच तुझी ग्रेव्ही. त्यात मान टाक.

(पुडी प्लास्टिकची असून वितळली असती तर मात्र आतली कलेजी-पेठाच नव्हे, टर्कीही टाकून द्यायला सांगितली असती.)

---

ओलाकाजू | गुरुवार, दुपारी १२:२०

निघाली!!! बटर लावलं. मामींनी फोनवर सांगितलंय की कलेजी त्यांच्यासाठी तव्यावर परतून ठेव.

---

ओलाकाजू | गुरुवार, दुपारी १:३५

मांडी १७१, छाती १४८. मांडीतून येणारा रस अजून गुलाबी आहे. घाबरू का?

---

सांडगीमिरची | गुरुवार, दुपारी १:३८

रंगावर जाऊ नकोस. टर्कीचं मांस १६५ ओलांडूनही गुलाबी दिसू शकतं, आणि पांढरं दिसूनही कच्चं असू शकतं. आकडा खरा. मांडी झाली, आता छातीची वाट. सुई दोन-तीन जागी टोचून सर्वांत कमी आकडा धर. अर्धा-पाऊण तास.

---

हिशेबनीस | गुरुवार, दुपारी १:५०

मांडी आणि छातीत २३ अंशांचा फरक. मिरचीताई म्हणाल्या तसंच घडतंय. कांदे चिरता चिरता वाचतोय.

---

ओलाकाजू | गुरुवार, दुपारी २:२२

छाती १६६, मांडी १८०, पंख १७४. बाहेर काढली. फोटो टाकते नंतर, दारावर बेल वाजली.

---

टेक्सासचा_पाहुणा | गुरुवार, संध्याकाळी ६:१०

आमचीही झाली. चार तास पन्नास मिनिटं. कन्व्हेक्शन (पंख्याने गरम हवा फिरवणारं ओव्हन) होतं, ते ३०० वर ठेवायचं की ३२५ यावर भांडण झालं.

---

सांडगीमिरची | गुरुवार, रात्री ९:१५

कन्व्हेक्शनला एरवी २५ अंश कमी करतात, पण गोठलेल्या पक्ष्याला ३२५ च्या खाली जाऊ नका. ३२५ वरच ठेवा आणि अर्धा-पाऊण तास आधीपासून मोजायला लागा.

---

फोडणीचाभात | शुक्रवार, सकाळी १०:४०

आमची २२ पौंडीही पार पडली, दोन दिवस फ्रीज आणि बाथटब. अर्धीच संपली. आता उरलेल्याचं काय? किती दिवस टिकेल? आणि सँडविच सोडून काहीतरी सांगा.

---

सांडगीमिरची | शुक्रवार, सकाळी ११:०५

काल जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत हाडांवरून सोडवून फ्रीजमध्ये ठेवली असशील तर तीन-चार दिवस, म्हणजे रविवार, फार तर सोमवार. जास्तीची आजच फ्रीझरमध्ये टाक.

ब्रेस्टचं सुकं कर: भरपूर कांदा लालसर परतायचा, भाजलेलं खोबरं-तीळ वाटून घालायचं, मांस अगदी शेवटी, फक्त गरम होण्यापुरतं. आधीच शिजलेलं असतं, जास्त उकळलं की पुन्हा दोरे सुटतात.

---

पाटावरवंटा | शुक्रवार, सकाळी ११:३०

सासऱ्यांनी काळ्या मसाल्याच्या कातडीचा शेवटचा तुकडा स्वतःच्या ताटात घेतला, एवढंच सांगते. सांगाड्याचं सूप कुकरमध्ये करता येईल का? किती शिट्ट्या?

---

सांडगीमिरची | शुक्रवार, दुपारी १२:०२

शिट्ट्या मोजू नकोस. सांगाडा सुरीने तोडून कुकरमध्ये मावेल एवढा कर, हाडं बुडतील एवढंच पाणी, कांदा, आल्याचा तुकडा, मिरी, दोन लवंगा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, पाऊण तास. गाळून घे, गार झालं की वरची चरबी काढ. मीठ शेवटी. याच पाण्यात काळा मसाला आणि खोबऱ्याचं वाटण घालून तांबडा रस्सा कर, सोबत भाकरी. आमच्याकडे गुरुवारच्या जेवणापेक्षा शनिवारच्या रश्श्यालाच जास्त माणसं असतात.

---

शाकाहारी_वाघ | शुक्रवार, दुपारी १२:१५

श्रीखंड उरलंय. त्याचं काय करायचं यावर धागा काढावा का?